ऑक्टेन पास, प्लग लाल

प्रयोगशाळेत एका ताफ्याच्या गाड्यांमधून काढलेले चार स्पार्क प्लग आणि पाण्याच्या पारदर्शक बाटलीत पेट्रोल आलं. तक्रार अशी, की गाड्या चढावर मिस मारतात आणि पी०३०० कोड (मिसफायरची, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्याची, इंजिनाच्या संगणकातली नोंद) लागतो. पेट्रोलमध्ये रॉकेल आहे, असं गॅरेजचं ठाम मत.

रॉकेल असतं तर ऊर्ध्वपातनाचा शेवटचा बिंदू (पेट्रोलचा शेवटचा अंश उकळतो ते तापमान) वर सरकला असता आणि ऑक्टेन (इंजिनात खटखट न होता जळण्याचं माप) पडला असता. दोन्ही जागच्या जागी होते, आरओएन (ऑक्टेनचा अंक) ९५.४, करारात हवा होता ९५. प्लगच्या इन्सुलेटरवर मात्र विटकरी रंगाचा पातळ, एकसारखा थर होता. काजळी नाही, तेलकटपणा नाही. म्हणजे धातूचा ऑक्साइड, आणि संशयित दोन: फेरोसीनमधलं लोखंड किंवा एमएमटीमधलं मँगनीज; दोन्ही ऑक्टेन वाढवायला पेट्रोलमध्ये मिसळली जाणारी रसायनं. रंगावरून यांचा निवाडा करू नये, दोन्ही थर सारखेच दिसतात. गार प्लग मीटरवर निर्दोष ठरतो. थर तापला की वीज वाहू देतो आणि ठिणगी फटीतून उडण्याऐवजी थरावरून पळते. म्हणून त्रास चढावर, इंजिनावर भार आला की.

थर खरवडून भुकटी एक्स-रे फ्लुओरेसन्सवर (क्ष-किरण पाडून मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) ठेवली. मँगनीजची मुख्य रेषा ५.९ केईव्हीला (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक), लोखंडाची ६.४ला. मँगनीजची दुय्यम रेषा ६.४९ला येते, लोखंडाला अगदी खेटून, त्यामुळे नसलेलं लोखंड दिसू शकतं. तो वाटा वजा केल्यावर भुकटीत मँगनीजच उरलं.

पेट्रोलमध्ये मात्र ते लिटरला जेमतेम १ मिलिग्रॅम. बाटली उजेडासमोर धरली तर तळाशी तपकिरी गाळ. एमएमटी उन्हात काही मिनिटांत तुटतं आणि मँगनीज खाली बसतं. वरचं पेट्रोल तपासून ‘निर्दोष’ असा शेरा मारला जातो. नमुना गडद तपकिरी काचेत किंवा पत्र्याच्या डब्यातच घ्यावा आणि सावलीत ठेवावा. टाकीतून तसा नवा नमुना आणवला. ब्रोमीन टाकून, एमआयबीके या द्रावकात विरळ करून, हवा-ॲसिटिलीनच्या ज्योतीत २७९.५ नॅनोमीटरवर मोजला: २३ मिलिग्रॅम. युरोपीय संघाची मर्यादा २०१४पासून २ आहे.

पुरवठादाराचं म्हणणं एका वाक्याचं: करारात मँगनीजचा उल्लेखच नाही. खरंच नव्हता. बाजार ऑक्टेनच्या अंकाचे पैसे देतो, तो अंक कशातून आला याचे नाही. रिफॉर्मेट (रिफायनरीतला जास्त ऑक्टेनचा घटक) वाढवलं तर बेंझीन आणि ॲरोमॅटिक्सची मर्यादा आडवी येते, इथेनॉलला पाण्यापासून जपावं लागतं, एमटीबीई या ऑक्टेन वाढवणाऱ्या द्रवाला टक्क्यांच्या हिशोबाने जागा लागते. एमएमटीच्या चिमटीभर मात्रेत एक-दोन अंक सुटतात.

आरोग्याच्या बाजूने वाद जुनाच आहे. श्वासातून गेलेलं मँगनीज यकृताची गाळणी चुकवून रक्तात शिरतं आणि खाणकामगारांमध्ये त्याने कंपवातासारखा आजार झाल्याचं वैद्यकाला ठाऊक आहे. रस्त्यावरच्या अल्प मात्रेचं काय, यावर भांडण. ‘अपाय सिद्ध करा’ हा युक्तिवाद पेट्रोलमध्ये शिसं मिसळण्याच्या काळात १९२५च्या वॉशिंग्टन परिषदेतही झाला होता. शेवटच्या देशातल्या पंपांवरून शिसं हटायला २०२१ उजाडलं. कॅनडाने १९९७मध्ये एमएमटीच्या आयातीवर आणि आंतरप्रांतीय व्यापारावर बंदी घातली, वापरावर नाही. उत्पादक कंपनीने नाफ्टा या उत्तर अमेरिकी व्यापार कराराखाली दावा लावला आणि १९९८मध्ये सरकारने बंदी मागे घेऊन सुमारे १.३ कोटी अमेरिकी डॉलर दिले. माझ्या मते फट तिथेच होती: आरोग्याची बंदी व्यापाराच्या भाषेत लिहिली, की ती व्यापाराच्या लवादात जाते.

आमच्या अहवालानंतर प्लग बदलले (तारेच्या ब्रशने घासू नयेत, धातूचे ओरखडे थराइतकेच वीज वाहतात), कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा धूर शुद्ध करणारा भाग) तोंडाची जाळी दुर्बिणीने पाहिली आणि करारात ‘मँगनीज, लोखंड, शिसं आढळू नये’ अशी ओळ आली. पुढची खेप तिन्ही कसोट्यांवर पास, आरओएन पुन्हा ९५च्या वर. गॅस क्रोमॅटोग्राफीत नायट्रोजन टिपणारा डिटेक्टर लावला, तेव्हा एन-मिथिल ॲनिलिन हे ऑक्टेन वाढवणारं रसायन निघालं, १ टक्क्याच्या वर. ते धातू नाही. कातडीतून शिरतं, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटवतं आणि इंजिनात डिंक वाढवतं. कराराची ओळ पुन्हा लिहावी लागली.