कोरा चेक, पंचवीस लाखांचा बाँड आणि अडकलेली एनओसी

टेबलावर चार कागद होते: ट्रेनिंग बाँड (कंपनीच्या खर्चाने शिकून ठरावीक काळ नोकरी करण्याचं, नाहीतर पैसे भरण्याचं लेखी वचन), कंपनीची मागणीची नोटीस, बँकेचा चेक-परतीचा मेमो आणि त्या चेकवरून आलेली कलम १३८ ची, म्हणजे चेक न वटल्याच्या गुन्ह्याची नोटीस. मुलगा एअरबस ३२० वर को-पायलट, बाँडची मुदत संपायच्या आत नोकरी सोडलेला; वडील वीज मंडळातून निवृत्त, घर इंदूरच्या लोकमान्य नगरात. ते आमच्या ऑफिसात आले तेव्हा चेकच्या नोटिशीतल्या पंधरापैकी अकरा दिवस उलटले होते.

वडिलांनी बसता बसता विचारलं, "वकीलसाहेब, घर जाईल का?" मुलगा विचारत होता, "एनओसी (कंपनीचं ना-हरकत पत्र) कधी मिळेल?" दोघांत मुलाचा प्रश्न जास्त अवघड होता.

मागणी २९ लाख ५० हजारांची. बाँडची रक्कम २५ लाख, वर १८ टक्के जीएसटी साडेचार लाख. नोकरीला लागताना मुलाने सही करून कोरा चेक दिला होता; त्यात हीच रक्कम लिहून कंपनीने तो बँकेत टाकला आणि तो 'अपुरी शिल्लक' म्हणून परत आला. वडील बाँडवर जामीनदार.

जीएसटीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दल कर्मचाऱ्याकडून घेतलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात (क्रमांक १७८) स्पष्ट केलेलं आहे. तरीही मागणीपत्रात तो दिसतो. साडेचार लाख असे फुकट मागता येत असतील तर कोण सोडेल!

खरं काम बाँडच्या मजकुरात होतं. मुदत ६० महिने, पण रुजू झाल्यापासून नव्हे, 'लाइन रिलीज'पासून. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान उडवण्याच्या परवान्याचा ग्राउंड स्कूल, मग सिम्युलेटर, मग रिकाम्या विमानावरची बेस लँडिंग, मग प्रवासी घेऊन ट्रेनिंग कॅप्टनसोबतची लाइन ट्रेनिंग, शेवटी रिलीज चेक, एवढं झालं की घड्याळ सुरू. सिम्युलेटरचा स्लॉट मिळेपर्यंत पोरं महिनोन्‌महिने बसून असतात. तो काळ बाँडमध्ये मोजला जात नाही. या मुलाचे सात महिने असेच गेले. ते आम्ही भांडणात घेतले नाहीत, कारण त्या अटीवर त्याची स्वच्छ सही होती.

भांडण पुढच्या आकड्यावर होतं. रिलीजनंतर विसाव्या महिन्यात त्याने राजीनामा दिला आणि सहा महिन्यांची नोटीस पूर्ण विमान उडवून भरली. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला सहा महिने आणि कमांडरला एक वर्ष नोटीस द्यावी लागते. कंपनीने सेवा मोजली राजीनाम्याच्या तारखेपर्यंत, म्हणजे २० महिने. नोटीस काळात रोस्टर लावला, पगार दिला, ड्यूटी घेतली, मग ती सेवा नाही तर काय? आमच्या हिशेबाने २६ महिने भरले, ३४ उरले.

शिवाय रिलीजनंतरच्या पगाराच्या प्रत्येक स्लिपवर एक ओळ होती: 'ट्रेनिंग कॉस्ट रिकव्हरी, २०,०००'. २६ स्लिपांचे ५ लाख २० हजार. मागणीच्या नोटिशीत या रकमेचा शब्दही नव्हता. मुलाला ती कपात माहीत होती, पण बाँडचाच हप्ता आहे हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पगाराची स्लिप लोक फक्त शेवटच्या ओळीसाठी उघडतात.

आम्ही कंपनीकडे खर्चाचा तपशील आणि बिलं मागितली. तक्ता आला: टाइप रेटिंग १३ लाख ८० हजार, हॉटेल आणि दैनिक भत्ता १ लाख ९० हजार, ट्रेनिंग काळातला पगार ३ लाख २० हजार, लाइन ट्रेनिंगचे प्रशिक्षक ३ लाख १० हजार, 'कामकाजाचं नुकसान' ३ लाख. बेरीज बरोबर २५ लाख. हीच त्या तक्त्याची पंचाईत. बाँडवर सही झाली तेव्हा यातला एक रुपयाही खर्च झाला नव्हता, मग प्रत्यक्ष खर्च हजाराच्या फरकानेही इकडेतिकडे झाला नाही? रक्कम आधी ठरली, खाने नंतर भरले गेले.

एकेक खाना तपासला. टाइप रेटिंगचं बिल बाहेरच्या ट्रेनिंग संस्थेचं, नाव आणि तारखांसह. ते आम्ही मानलं. फुल फ्लाइट सिम्युलेटरचं सेशन चार तासांचं, त्यात दोघं शिकाऊ आळीपाळीने उडवतात, वर इन्स्ट्रक्टर. तो पैसा कंपनीने खरोखर मोजलेला असतो आणि तो मागण्यात गैर काही नाही. हॉटेलची काही बिलं होती, काही नव्हती. ट्रेनिंग काळातला पगार हा पगारच. माणूस कंपनीच्या हुकमाने तिथे बसला होता. लाइन ट्रेनिंगच्या फ्लाइटमध्ये मागे तिकीट काढलेले प्रवासी असतात, विमान कमाई करत असतं. सुरुवातीच्या काही फ्लाइट्सना जंप सीटवर (कॉकपिटमधल्या जादा सीटवर) सेफ्टी पायलट बसतो, तेवढा खर्च खरा म्हणता येईल, पण तो कुणी वेगळा दाखवलेला नव्हता. 'कामकाजाचं नुकसान' तर नुसताच शब्द.

इथे भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ कामाला येतं. करारात रक्कम लिहिलेली असली तरी ती आपोआप मिळत नाही. ती कमाल मर्यादा असते आणि तिच्या आत 'वाजवी भरपाई' मिळते. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर सिक्पा इंडिया या कंपनीचं असंच प्रकरण होतं. प्रत्यक्ष खर्च ६७,५९५ रुपये, बाँड तीन वर्षांचा, कर्मचाऱ्याने दोन वर्षं भरलेली. बाँडमध्ये लिहिलेले दोन लाख मिळाले नाहीत. खर्चाचा तिसरा हिस्सा, २२,५३२ रुपये मिळाले. वैमानिकांच्या बाँडलाही हाच हिशेब लावायचा.

कंपनीच्या नोटिशीत मात्र विजया बँकेचा निकाल ठळक अक्षरांत होता. १४ मे २०२५ च्या त्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड उचलून धरला आणि किमान सेवेची अट म्हणजे कलम २७ खालचा व्यवसायबंदीचा करार नव्हे, असं सांगितलं. म्हणजे 'बाँड बेकायदाच असतो' हे जे पायलट एकमेकांना सांगतात ते डोक्यातून काढून टाकावं. नोकरी सुरू असतानाचं बंधन वैध असू शकतं, हे १९६७ च्या गोलिकारी निकालापासून ठरलेलं आहे. पण विजया बँकेत सरकारी बँकेच्या जाहीर भरतीचा खर्च होता, सीनियर मॅनेजरच्या पगाराच्या मानाने दोन लाख जाचक नव्हते. त्यातून पंचवीस लाख जसेच्या तसे निघत नाहीत.

उलट बाजूने, कुणालाही विमान उडवायला कोर्ट भाग पाडू शकत नाही. वैयक्तिक कौशल्याच्या नोकरीचा करार विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम १४ प्रमाणे सक्तीने पार पाडता येत नाही. कंपनीकडे राहतो तो पैशाचा दावा. आणि त्या दाव्यात आमचं गणित सरळ होतं: १३ लाख ८० हजार भागिले ६० म्हणजे महिन्याला २३,०००. उरलेले ३४ महिने, ७ लाख ८२ हजार. त्यातून ५ लाख २० हजार वजा. बाकी २ लाख ६२ हजार.

कोर्टात हे गणित भक्कम होतं. पण पायलटला बाँड कोर्टात मारत नाही, कॅलेंडरवर मारतो. दुसऱ्या कंपनीत रुजू व्हायला आधीच्या कंपनीची एनओसी लागते. ती अडकली की पोरगा घरी. नव्वद दिवसांत तीन टेक-ऑफ आणि तीन लँडिंग झाले नाहीत तर रीसन्सी, म्हणजे उडवण्याचा ताजा सराव असल्याची पात्रता, जाते. सिम्युलेटरवरचा प्रोफिशियन्सी चेक सहा-सहा महिन्यांनी, मेडिकल वेगळं, शिवाय नव्या कंपनीची ऑफर कुणाच्या निकालासाठी थांबत नाही. दिवाणी दावा चार वर्षं चालला तर कंपनीचं काही बिघडत नाही. आमच्या अशिलाकडे फार तर दोन महिने होते. बाँडची रक्कम वाचून घाबरणारे पुष्कळ भेटतात. एनओसी कधी आणि कशावर मिळेल हे बाँडमध्ये शोधणारा विरळा.

आता चेक. सुरक्षेपोटी दिलेला चेक कलम १३८ मध्ये येत नाही, ही समजूत चुकीची आहे. देणं उभं राहिलं की तो चेक जिवंत होतो. 'स्टॉप पेमेंट' करूनही सुटका नाही. पण देणं जेवढं, चेक तेवढाच हवा. दशरथभाई पटेल प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चेक दिल्यानंतर काही रक्कम फेडली गेली असेल, तर तशी नोंद चेकवर करूनच तो भरला पाहिजे. पूर्ण रकमेचा भरला तर गुन्हा बनत नाही. इथे ५ लाख २० हजार कंपनीने स्वतःच कापून घेतले होते, वर न लागणारा जीएसटी चढवला होता. पंधरा दिवस संपायच्या आत २६ स्लिपांसह उत्तर गेलं.

वडिलांचं वेगळं होतं. जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते (करार कायद्याचं कलम १२८). कंपनी मुलाला सोडून थेट बापावर दावा लावू शकते. पण मुलगा रुजू झाल्यावर कंपनीने पोर्टलवर एक सुधारित परिशिष्ट टाकलं होतं, त्यात बिनपगारी रजेचा काळ बाँडमधून वगळला होता. मुलाने 'मान्य' दाबलं. वडिलांना कुणी विचारलं नाही. जामीनदाराच्या संमतीशिवाय अटी बदलल्या तर पुढच्या व्यवहारांपुरता तो मोकळा होतो, हे कलम १३३. हे वाचून दाखवल्यावर त्यांनी पहिल्यांदा समोरचा चहा उचलला.

बाँड शंभराच्या स्टॅम्पवर होता, तोही एक मुद्दा होता. मुद्रांक कमी असेल तर शुल्क आणि दहापटीपर्यंत दंड भरेपर्यंत कागद पुराव्यात येत नाही. त्याने तारीख पुढे जाते, केस जिंकता येत नाही. आम्ही तो राखून ठेवला.

मग व्हिडिओ कॉलवर समोर कंपनीच्या एचआरच्या मॅडम आणि कायदा विभागाचे एक साहेब. साहेबांनी सुरुवात केली, "वकीलसाहेब, करारात दिल्लीचंच कोर्ट लिहिलंय. इंदूरहून येत राहाल का?" प्रश्न रास्त होता, नोकरीच्या करारातली अशी अट वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्येच म्हटलं आहे. मी म्हणालो, "येऊ. पण आधी एवढं सांगा, दरमहा वीस हजार कशाचे कापले?" साहेब म्हणाले, "ते प्रशासकीय शुल्क." मी स्लिप कॅमेऱ्यासमोर धरली. स्लिपवर शब्द त्यांच्याच सॉफ्टवेअरने छापलेले होते. मॅडमनी माइक म्यूट केला. परत आल्या तेव्हा बोलणं २९ लाखांवरून थेट 'हॉटेलचे तरी धरा' इथे आलं.

हॉटेल पूर्ण धरलं तर बाकी ३ लाख ७० हजारांच्या जवळ जात होती. ३ लाख २० हजारांवर मिटलं. त्यांच्या तक्त्यापुढे ही रक्कम कितीशी, पण ती देण्याचा क्रम महत्त्वाचा होता. पैसे आधी ट्रान्सफर करायचे नाहीत. डिमांड ड्राफ्ट काढून कंपनीच्या स्थानिक वकिलांकडे. त्यांनी तो एनओसीचं पत्र, मूळ चेक, ट्रेनिंग रेकॉर्ड आणि 'येणे बाकी नाही' हे पत्र हातात देतानाच पुढे पाठवायचा. ई-जीसीएवरचे (डीजीसीएच्या ऑनलाइन पोर्टलवरचे) उड्डाण-तास कंपनीने मंजूर केलेत का, तेही त्याच दिवशी बघायचं. शेवटच्या महिन्याचे तास हमखास राहून जातात. समझोत्यात वडिलांचं जामीनदार म्हणून नाव घालून त्यांनाही मुक्त केल्याचं वेगळं वाक्य हवं, नाहीतर मुलगा सुटतो आणि बाप कागदावर राहतो.

मग बाँड घ्यावा का? टाइप रेटिंग कंपनी देत असेल तर घ्यावा, असं माझं मत आहे. स्वतःच्या खिशातून टाइप रेटिंग करून नोकरीची वाट बघत बसणं अधिक धोक्याचं; विमानावर बसायला मिळालं नाही तर ते रेटिंग शिळं होतं. २०१२ मध्ये किंगफिशर, २०१९ मध्ये जेट आणि २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली तेव्हा रेटिंग हातात असलेले किती जण घरी बसले, ते या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण रक्कम महिन्यागणिक उतरत जाणारी हवी. ५९ महिने भरूनही पूर्ण पंचवीस लाख मागणारा बाँड सही करण्याच्या लायकीचा नाही. पगार थकला, कंपनीने काढून टाकलं किंवा मेडिकल कायमचं गेलं तर बाँड संपेल, हे लिहून घ्यावं. कोरा चेक देऊ नये. द्यावाच लागला तर रक्कम भरून, मागे 'अमुक तारखेच्या बाँडपोटी' असं लिहून, फोटो काढून द्यावा. आणि एनओसी बाँडच्या वसुलीला बांधलेली असेल, तर त्या एका कलमासाठी भांडावं, रकमेसाठी नंतर.

हा मुलगा दोन महिन्यांच्या आत दुसऱ्या कंपनीत लागला. तिथेही बाँड समोर आलाच: दहा लाख, तीन वर्षं. रेटिंग आधीच हातात होतं, ट्रेनिंग म्हणजे त्या कंपनीच्या पद्धती शिकवणारा काही आठवड्यांचा कन्व्हर्जन कोर्स. आम्ही खर्चाचा अंदाज लेखी मागितला. चार दिवसांनी सुधारित मसुदा आला: तीन लाख, बारा महिने, दरमहा उतरती रक्कम, चेक नाही. जामीनदाराचं कलम काढायला ते तयार झाले नाहीत. जबाबदारी उरलेल्या रकमेपुरतीच आणि बदलाला जामीनदाराची लेखी संमती हवी, अशा दोन ओळी त्यात घातल्या, आणि वडिलांनी पानापानावर सही केली.