सत्तर कुंड्या, पाच झाडं

शिंदळ माकुडी ही दुर्मीळ वनस्पती पुन्हा कड्यावर लावण्याच्या एका प्रकल्पातून फोन आला. प्रश्न साधा होता: तुमच्याकडे किती झाडं आहेत?

मी एका वनस्पती उद्यानात नोंदींचं काम बघते, त्यामुळे उत्तर मीच द्यायचं होतं. आमच्या एक्सेलमध्ये ही वनस्पती तीन नावांनी पसरलेली होती. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रेर यांच्यावरून वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेलनं तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. पुढे ती बाउसेरोसिया फ्रेरी झाली आणि 2017 साली तिचा सगळा गोतावळा सेरोपेजिया या वंशात गेल्यावर सेरोपेजिया फ्रेरी. ज्या वर्षी रोप आलं, त्या वर्षीचं नाव त्या वेळच्या माणसानं लिहिलं. म्हणूनच उद्यानात नावापेक्षा दाखल क्रमांक मोलाचा. नाव बदलतं, क्रमांक बदलत नाही. रोप कुठून, कधी, कुणी आणलं हे सगळं त्या एका आकड्याला बांधलेलं असतं.

मी त्या दिवशी संगणक बंद केला आणि शेडनेटमध्ये गेले. आमचे ज्येष्ठ माळी, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांना सांगून एकूण एक कुंडी टेबलावर मांडून घेतली. सत्तरएक निघाल्या. पावसाळा सरत आला होता, जाड मांसल फांद्यांवर पानं होती आणि मधूनमधून गडद तांबडी, पिवळ्या ठिपक्यांची फुलं. उन्हाळ्यात ही पानं झडतात. सह्याद्रीतल्या मोजक्याच कड्यांवर ही वनस्पती उगवते. ती इतकी तजेलदार बघून कुणालाही वाटेल, काम झालं, द्या पाठवून.

पण माकुडीचं कटिंग फार सहज लागतं. फांदी मोडली, सुकवून मातीत खोचली की नवी कुंडी तयार. त्या कुंडीतलं रोप जनुकांनी हुबेहूब आईच असतं. सत्तर कुंड्या कड्यावर नेऊन लावल्या आणि त्या एकाच झाडाच्या फांद्या निघाल्या, तर एक रोग आला की सगळ्या एकदम जाण्याची भीती. म्हणून खरा प्रश्न कुंड्यांचा नव्हताच. मूळ झाडं किती, हा होता. आणि हे रोपाकडे बघून कळत नाही, कागदावरूनच कळतं.

ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक असलेल्या कुंड्या एका बाजूला काढल्या. प्लास्टिकच्या पट्ट्यांवरची मार्करची शाई उन्हानं उडाली होती. त्या दुसरीकडे. काहींना तर पट्टीच नव्हती. क्रमांकवाल्या कुंड्या रजिस्टरमध्ये शोधत मागे मागे गेले, तशा त्या चारच मूळ झाडांपाशी पोचल्या. ती चारही जुन्नर भागातल्या एकाच कड्यावरची. (कड्याचं नाव आम्ही बाहेर कुणाला सांगत नाही. दुर्मीळ झाडं उपटून नेणारे लोक असतात, त्यामुळे नेमकं ठिकाण वेगळ्या, कुलूपबंद रकान्यात ठेवावं लागतं.)

उरलेल्या कुंड्यांपुढे ‘यू’ लिहायला मी पेन काढलं. उद्यानांच्या नोंदींमध्ये ‘डब्ल्यू’ म्हणजे थेट रानातून आणलेलं, ‘झेड’ म्हणजे रानातल्या झाडापासून वाढवलेलं, ‘जी’ म्हणजे बागेतलं आणि ‘यू’ म्हणजे मूळ अज्ञात. तेवढ्यात आबा म्हणाले, “मॅडम, लाल दोऱ्याच्या कुंड्या वेगळ्या आहेत. त्या दुसऱ्या डोंगरावरच्या.”

पाच-सहा कुंड्यांच्या काठाखाली खरोखरच विटलेला दोरा होता. माझा आबांवर विश्वास होता, पण नोंदीला तो पुरत नाही. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली: तारीख, गावाचं नाव, ‘साहेबांबरोबर, एक झाड, लाल दोरा’. ती तारीख घेऊन मी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात गेले. कपाटात त्याच तारखेची शीट सापडली. वाळवलेली फांदी, दोन फुलं, संग्राहकाचा क्रमांक आणि तेच गाव. त्या शीटवर जिवंत रोप बागेत दिल्याचीही ओळ होती, पण रजिस्टरपर्यंत ती कधी पोचलीच नव्हती. मला अक्षरशः भरून आलं. पाचवं झाड मिळालं होतं, आणि तेही दुसऱ्या डोंगरावरचं.

प्रकल्पाला मी उत्तर कळवलं: पाच मूळ झाडं, दोन ठिकाणं. प्रत्येकाची कटिंग वेगवेगळ्या क्रमांकानं पाठवली आणि कुठलं कुठे लावलं ते आम्हाला परत कळवावं, अशी अट घातली. मूळ न कळलेल्या कुंड्या ‘यू’ होऊन विद्यार्थ्यांना दाखवायच्या विभागात गेल्या. त्या कितीही सुंदर असल्या तरी रानात जाणार नाहीत, यावर मी ठाम राहिले.

आबा येत्या मेमध्ये निवृत्त होतात. त्यांच्या घरी अशा आणखी डायऱ्या आहेत. आता दर शनिवारी दुपारी ते वाचून दाखवतात आणि मी रजिस्टर समोर ठेवून लिहिते. सध्या ऑर्किड चालू आहेत.