पेशंटचे कोण?

शनिवार, रात्री साडेअकरा

आज 'ऑक्टोबर' हा हिंदी सिनेमा पुन्हा पाहिला. पहिल्यांदा पाहिला तो एप्रिल २०१८ मध्ये, लागला त्याच आठवड्यात. मध्यंतरात मागच्या रांगेतलं जोडपं उठून गेलं ते परत आलंच नाही. घरी आल्यावर मीही "चांगला आहे, पण काही घडतच नाही" असं म्हणून मोकळी झाले होते.

जेवणं झाल्यावर तेव्हाची परीक्षणं शोधून वाचली. बऱ्याच जणांनी मनापासून कौतुक केलंय. दिग्दर्शक शूजित सरकारचा संयम, जुही चतुर्वेदीचं लेखन, अविक मुखोपाध्यायचा कॅमेरा, गीतांजली रावने केलेली आई. आदल्याच वर्षी 'जुडवा २'मध्ये नाचणारा वरुण धवन इथे इतका शांत कसा, याचं नवलही दिसतं. नाराज मंडळींचे आक्षेप दोन: सिनेमा रेंगाळतो, आणि डॅनला, म्हणजे वरुणच्या पात्राला, शिउलीची एवढी ओढ का, याला कारणच सापडत नाही. शिउली हॉटेलात त्याच्याबरोबर शिकणारी मुलगी, दोघांत धड मैत्रीसुद्धा नाही. एकतीस डिसेंबरच्या पार्टीत ती गच्चीवरून पडते, कोमात जाते. पडण्याआधी तिने "डॅन कुठाय?" एवढं विचारलेलं असतं. तेवढ्यावर हा पोरगा नोकरी, घर, सगळं सोडून आयसीयूच्या दाराशी का बसतो? काहींना तर ते वेडच वाटलं.

हा दुसरा आक्षेप वाचून मला रडू आलं.

मागच्या पावसाळ्यात ऑफिसातली माझी मैत्रीण अकरा दिवस आयसीयूत होती. नऊ वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. पहिल्याच दिवशी काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, "पेशंटचे कोण?" मी म्हटलं, "मैत्रीण." तो म्हणाला, "नातेवाइकांनाच पास मिळतो." रजिस्टरमध्ये 'नाते' असा रकाना होता. त्यात लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मग रोज संध्याकाळी बाहेरच्या लोखंडी बाकावर बसायचे. ड्रिप लावली, युरीन आउटपुट किती, आज डोळे हलले का, एवढंच तिच्या भावाकडून कळायचं. काही घडत नव्हतं. दवाखान्यात काही घडतच नसतं, नुसती वाट बघायची असते. सिनेमाचा जो संथपणा तेव्हा मला खुपला, तो त्या बाकावर मी अकरा दिवस अंगावर घेतला.

ती गेल्यावर तिच्या घरी लोक भेटायला गेले. माझ्याकडे कोण येणार? तिसऱ्या दिवशी मी कामावर हजर होते.

डॅनला कारण नाही, असं म्हणणाऱ्यांना मला एवढंच सांगावंसं वाटतं, की ते "डॅन कुठाय?" हेच कारण आहे. आपली कुणीतरी आठवण काढली होती आणि आपण तिथे नव्हतो. माणूस आयुष्यभर बसून राहील एवढं ते पुरेसं आहे. प्रेम होतं का, याचं उत्तर सिनेमा देत नाही, तेच मला सगळ्यात खरं वाटलं.

शिउली म्हणजे आपला प्राजक्त. एका प्रसंगात डॅन ती फुलं तिच्या उशाशी नेऊन ठेवतो आणि वासाने तिच्यात किंचित हालचाल होते. आज तिथे मी सिनेमा थांबवला. आमच्या आजीच्या अंगणात प्राजक्त होता. पहाटे ती झाडाखाली धुतलेलं पातळ अंथरायची. बाकी कुठलंही खाली पडलेलं फूल देवाला चालत नाही, हे चालतं, असं ती सांगायची. दिवस वर येईतो फुलं मलूल व्हायची, देठाचा केशरी रंग तेवढा बोटांना राहायचा.

शेवटी शिउलीची आई दिल्ली सोडते आणि ते झाड डॅनकडे येतं. नातं काय, हे ती त्याला विचारत नाही.

मैत्रिणीच्या डब्याचं एक झाकण अजून माझ्या खणात आहे. उद्या रविवार. तिच्या आईकडे जाऊन येते.