घराची चौकट, कपाटाची दारे आणि शिक्क्याच्या फळ्या

जुन्या लाकडापासून स्वयंपाकघरातील भेटवस्तू बनवण्याच्या माझ्या कामात सर्वांत जास्त वेळ रंधा मारण्यात किंवा करवतीवर जात नाही. तो त्या लाकडाची चौकशी करण्यात जातो. हे गिऱ्हाइकाला पटवून देणे कधी कधी सुतारकामाहून अवघड असते, आणि त्या दिवशी तर ते एका बहीण-भावाला, त्यांच्याच घरच्या लाकडाच्या ढिगापाशी उभे राहून पटवावे लागले.

वडिलोपार्जित घर उतरवल्यावर निघालेले लाकूड ते दोघे टेम्पोत घालून घेऊन आले होते. त्यात सागाची मुख्य दाराची चौकट होती, रंगवलेल्या कपाटाची दारे होती, प्लायवूडचे तुकडे होते आणि सामानाबरोबर केव्हा तरी आलेल्या पॅलेटच्या, म्हणजे माल रचून हलवायच्या लाकडी पाटाच्या, फळ्याही होत्या. सगळ्या भावंडांना चॉपिंग बोर्ड, लाटणे, उलथने असे काही तरी द्यायचे, म्हणजे प्रत्येकाच्या घरात त्या घराचा एक तुकडा रोज हाताळला जाईल, अशी त्यांची कल्पना होती. कल्पना मला मनापासून आवडली. आणलेले सगळे लाकूड मात्र त्यासाठी चालणारे नव्हते.

प्लायवूड पहिल्याच फेरीत बाजूला ठेवले, कारण चिकटवलेल्या पातळ थरांवर सुरी चालवायची नसते. पॅलेटच्या फळ्यांवर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असलेला शिक्का होता. लाकडातून कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून 2002 साली जो आंतरराष्ट्रीय नियम झाला, त्यानुसार हा शिक्का मारतात. त्यात ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला किमान 30 मिनिटे तापवलेले असते, आणि ‘एमबी’ असेल तर त्याला मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. काही फळ्यांवर ‘एमबी’ स्पष्ट वाचता येत होते. ‘एचटी’वाल्या फळ्या तरी घ्या, असा भावाचा आग्रह होता, पण तापवल्याने कीड मरते, त्यानंतर त्या फळीवर कोणते रसायन सांडले याचा पत्ता तो शिक्का देत नाही. त्या फळ्यांची झाडांच्या कुंड्यांसाठी चांगली घडवंची होईल, एवढे मी सुचवले.

खरा पेच कपाटाच्या दारांचा होता. फळ्या रुंद आणि सरळ होत्या, गाठ जवळजवळ नव्हतीच, आणि बहिणीचा जीव नेमका त्यांच्यावरच होता.

“दादा, घासून काढलं की रंग जाईलच ना?” तिने विचारले.

एका कोपऱ्यावर रंगाचा टवका उडाला होता, तो मी तिला उजेडात धरून दाखवला. वर पिवळसर पांढरा, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा हिरवाच पण गडद, आणि लाकडाला लागून फिकट गुलाबी अस्तर. जुन्या लाकडी कामावर मारलेल्या अशा अस्तरात शिशाची संयुगे सर्रास असत. असा रंग कोरडा घासला तर त्याची धूळ कारखानाभर पसरते, गरम हवेच्या बंदुकीने (हीट गनने) तापवला तर वाफा नाकात जातात, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त अपाय करते. रंग निघाला तरी तो लाकडाच्या छिद्रांतून पूर्ण गेला, असे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. ज्या वस्तूवर अन्न ठेवायचे तिच्याबाबत शंकेचा फायदा लाकडाला द्यायचा नाही, हा माझा नियम त्यांना थोडा कडक वाटला असावा. बहीण गप्प झाली. भावाने दारे उचलून पुन्हा टेम्पोत ठेवली.

उरली चौकट. ती ऊन-पावसाने राखाडी पडली होती आणि तिच्या सांध्यांत लाकडी खुंट्या होत्या. करवतीला लावण्याआधी प्रत्येक बाजूवरून धातुशोधक फिरवला, कारण आत राहिलेला एक खिळा पात्याचे दात तर घालवतोच, शिवाय तुकडा उलटा अंगावर येऊ शकतो. उजव्या उभ्या खांबावर, बिजागरीच्या जागेजवळ, यंत्र वाजले. डोके तुटलेला खिळा आत खोल होता. पटाशीने भोवतीचे लाकूड हलकेच कोरून तो पकडीने ओढून काढला आणि मग रंधा मारला. पहिल्याच हाताला राखाडी पापुद्रा निघून खालचा मधासारखा रंग दिसला, सागाचा तो चामड्यासारखा वास सुटला, आणि खिळ्याच्या भोकापासून रेषांच्या दिशेने वीतभर गेलेला निळसर काळा पट्टा उघडा पडला. लाकडातले टॅनिन हे तुरट द्रव्य, लोखंड आणि ओल एकत्र आले की असा डाग पडतो.

“हा ऍसिडने जातो ना?” भावाने विचारले. ऑक्झॅलिक ऍसिडने तो फिका होतो हे खरे. पण ते विषारी असल्यामुळे अन्नाच्या वस्तूला मी लावत नाही. डागाने काही बिघडत नव्हते, अडचण भोकाची होती, कारण भोकात ओल आणि अन्नाचे कण अडकून राहतात. म्हणून बोर्डाची आखणी अशी केली की ते भोक मुठीच्या टोकाला यावे. तेच गिरमिटाने मोठे करून टांगायचे भोक केले. काळा पट्टा मुठीतून बोर्डावर उतरत राहिला. बहिणीने तो बोर्ड तिथेच स्वतःसाठी राखून ठेवला.

बाकीच्या कामाला पुढचे काही दिवस लागले. साग तेलकट असल्याने फळ्यांच्या कडा ऍसिटोनने पुसून लगेच पाण्याला टिकणारा गोंद लावला. उलथन्यांसाठी रेषा लांबीच्या दिशेने सरळ जाणाऱ्या पट्ट्याच निवडल्या. रेषा आडवी गेली की उलथने मानेशी मोडते. पॉलिश पेपर मारून झाल्यावर वस्तू मुद्दाम ओल्या फडक्याने पुसल्या, उठलेले तंतू वाळल्यावर बारीक पेपरने काढले, आणि शेवटी खाद्य दर्जाचे मिनरल ऑइल व मधमाश्यांचे मेण चोळले. पाण्यात भिजत ठेवू नये, धुऊन उभे करून वाळवावे, रंग फिका दिसू लागला की पुन्हा तेल द्यावे, एवढ्या सूचना प्रत्येक वस्तूबरोबर लिहून दिल्या.

सर्वांत जास्त त्रास उंबरठ्याने दिला. वर्षानुवर्षांच्या वावराने त्यात रेती रुतली होती. वरचा थर कापून टाकल्यावरही पाते पुन्हा पुन्हा लावावे लागले. आतले लाकूड मात्र इतके घट्ट निघाले की त्यातून तडा नसलेली दोनच लाटणी लेथवर उतरली. ती कोणाला द्यायची यावरून बहीण-भावात माझ्यासमोरच वाद सुरू झाला, तेव्हा मी बिल लिहायला घेतले.