तुम्ही विचारलंत म्हणून: जुनं पायथॉन कधी सोडायचं?

जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, आणणारी एक छोटी लायब्ररी (इतरांना वापरता येणारा तयार कोड) मी सांभाळतो. ती पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे. 'कमीत कमी पायथॉनचं कुठलं व्हर्जन लागेल, तो आकडा वाढवायचा कधी?' असं मला बरेच जण विचारतात.

वेळापत्रक सगळ्यांना माहीत असतं. दर ऑक्टोबरात नवं पायथॉन येतं आणि त्याला साधारण पाच वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. ३.८ ची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. तरी मी ते लगेच सोडलं नाही. विंडोज ७ वर ३.८ च्या पुढचं पायथॉन चालत नाही, आणि एका डीटीपीवाल्या काकांची तिन्ही मशिनं विंडोज ७ चीच. त्यांचं जुनं फाँट सॉफ्टवेअर दुसरीकडे चालत नव्हतं. जुने फाँट ज्यांच्याकडे उरलेत, त्यांच्यासाठीच तर ही लायब्ररी आहे!

पण थांबण्याची किंमत दुसरंच कोणीतरी भरत होतं. एका विद्यार्थिनीने सुरेख पॅच, म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, पाठवला. त्यात शब्दाच्या सुरुवातीचा भाग काढायला 'रिमूव्हप्रीफिक्स' वापरलं होतं. पायथॉनमधली ही सोय ३.९ पासून आली, म्हणून ३.८ वरच्या टेस्ट नापास झाल्या. मी तिला बदलायला सांगितलं. पुढच्या पॅचलाही तेच. तिसरा आलाच नाही. त्या आठवड्यात मी ३.८ सोडायचं ठरवलं.

सोडल्याने काकांचं काम बंद पडत नाही, हे आधी नीट समजून घ्या. लायब्ररीला कुठलं पायथॉन लागतं हे सांगणारी 'रिक्वायर्स-पायथॉन' ही ओळ वाचून पिप (पायथॉनच्या लायब्ररी उतरवून बसवणारं साधन) जुन्या मशिनला त्याला चालणारं शेवटचं रिलीज देतं. म्हणून ते शेवटचं रिलीज धड हवं. माहीत असलेल्या चुका मी आधी त्यात दुरुस्त केल्या, मगच आकडा वाढवला. पूर्वी एकदा मी ती ओळ बदलायला विसरलो होतो. नवा कोड जुन्या मशिनवर गेला आणि लोकांची कामं अडली. पुढच्या रिलीजमध्ये ओळ सुधारून भागत नाही, कारण पिपला ते चुकलेलं रिलीजच जुन्या मशिनसाठी सर्वांत नवं वाटत राहतं. चढवलेल्या फाइलमधली ओळ बदलताही येत नाही. ते रिलीज मागेच घ्यावं लागलं.

काकांना मी दोन महिने आधी कळवलं. नव्या सुविधा मिळणार नाहीत, पण मजकूर बिघडवणारी चूक सापडली तर जुन्या शाखेत, म्हणजे ३.८ वर चालणाऱ्या कोडमध्ये, दुरुस्ती देईन, असं सांगितलं. आजवर अशी एक सापडली, रफाराच्या जागेची. ती मी दिली.