सायकलला पॉवर मीटर तर लावला, पण फिटनेस वाढतोय हे ओळखायचं कसं? माझा अनुभव

पेडल मारताना किती वॅट जोर लागतोय ते मोजणारा हा मीटर बसवणं, हेड युनिटला म्हणजे हँडलवरच्या छोट्या कॉम्प्युटरला जोडणं, झोन म्हणजे जोराच्या पातळ्या भरणं हे सगळं पटकन झालं, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. खरा वैताग पुढे. पहिले दीड-दोन महिने ट्रेनिंग एकदम नेमाने चालू होतं आणि त्याचा काही उपयोग होतोय का हेच कळेना.

सगळे सांगतात तशी 20 मिनिटांची टेस्ट केली, म्हणजे 20 मिनिटं जेवढा टिकेल तेवढा जोर लावायचा आणि सरासरी वॅट्सचे 95 टक्के म्हणजे आपला एफटीपी, साधारण तासभर टिकवता येईल एवढा जोर. माझा आला 198. मग काही आठवडे घाम गाळून परत टेस्ट केली तर 201. तीन वॅट! मी जाम चिडलो, खरं सांगतो. मग शांतपणे हिशोब केला. मीटर बनवणारेच अचूकता एक ते दोन टक्के सांगतात, 200 वॅटवर दोन टक्के म्हणजे चार वॅट इकडे किंवा तिकडे, म्हणजे 198 आणि 201 मध्ये फरक आहे असं म्हणताच येत नाही. त्यात झोप कशी झाली, ऊन किती होतं, आदल्या दिवशी पाय किती दमले होते, हे वेगळंच. आणि ज्यांचा आकडा दुसऱ्या टेस्टला एकदम दहा-पंधराने वाढतो त्यांनीही लगेच खूश होऊ नये, पहिल्या टेस्टला बहुतेक जण सुरुवातीलाच जास्त जोर लावून शेवटी गळतात, दुसऱ्यांदा पेसिंग म्हणजे जोर शेवटपर्यंत पुरवणं जमतं, त्यामुळे त्या वाढीत फिटनेस किती आणि सराव किती हे वेगळं काढता येत नाही.

याहून जास्त राग मला अॅपमधल्या 'फिटनेस' नावाच्या रेघेचा आला. टेस्ट म्हणते जैसे थे आणि ही रेघ रोज वर! ती रेघ म्हणजे सीटीएल, रोजच्या ट्रेनिंग लोडची (किती वेळ आणि किती जोराने चालवलं त्याचा आकडा) 42 दिवसांच्या हिशोबाने काढलेली सरासरी, ज्यात अलीकडच्या दिवसांना जास्त वजन असतं. म्हणजे तुम्ही किती काम केलं एवढंच ती सांगते, शरीराने त्याचं काय केलं ते नाही. शिवाय मीटर नवीन असेल तर आधीच्या राइड्सचा पॉवर डेटाच नसतो, मग रेघ शून्यापासून निघते आणि तुम्ही पूर्वीइतकीच सायकल चालवली तरी काही आठवडे चढतच राहते. नवीन माणसाला हे कोणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

मला शेवटी उत्तर मिळालं ते हार्ट रेटमधून. आठवड्यातून एकदा नीट वॉर्मअप करून तेच 150 वॅट, तेवढाच वेळ, तीच जागा, शक्यतो तीच वेळ, आणि सरासरी ठोके लिहून ठेवायचे. सुरुवातीला 148 च्या आसपास असायचे, हळूहळू 140 वर आले, आणि त्या दिवशी मला जो आनंद झाला तो कुठल्याच टेस्टने दिला नव्हता. यातली सुरुवातीची घट लवकर दिसते कारण रक्तातला प्लाझ्मा वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. ही सुधारणा खरीच असते, फक्त सुट्टी घेतली की तितक्याच लवकर जाते. स्नायूंमधले बदल मागून येतात, त्यांना आठवडे-महिने लागतात.

एक मात्र बघा, ठोके कमी आणि पाय जड असं असेल तर तो फिटनेस नाही, थकवा असू शकतो. ठोके कमी आणि तेच वॅट सोपेही वाटतायत, तेव्हाच खरं धरा. उन्हात ठोके वाढतात, त्यामुळे गरम दिवसाची तुलना थंड दिवसाशी करू नका.

लांब राइडमध्ये अजून एक गोष्ट बघता येते, एकसारखा जोर ठेवून पहिल्या अर्ध्या भागात ठोक्यामागे किती वॅट आणि दुसऱ्या अर्ध्यात किती. ही घसरण पाच टक्क्यांच्या आत आली की बेस, म्हणजे लांब टिकण्याचा पाया, चांगला होतोय असं समजतात. मला टेस्टपेक्षा हे कितीतरी पटलं, कारण यासाठी स्वतःला पिळून काढावं लागत नाही.

आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, राइडच्या आधी सायकल थोडा वेळ बाहेरच्या तापमानात ठेवून झीरो ऑफसेट (पेडलवर जोर नसताना मीटरचं शून्य जुळवणं) कराच, नाहीतर वरचं सगळं फुकट. ट्रेनरचे (सायकल घरात जागेवर चालवायचं यंत्र) वॅट आणि क्रँकवरच्या, म्हणजे पेडलच्या दांड्यावरच्या, मीटरचे वॅट एकाच यादीत लिहू नका, दोन्ही वेगळं दाखवतात. मीटर फक्त डाव्या पायाचा असेल तर तो आकडा दुप्पट करून दाखवतो, त्यामुळे दमल्यावर उजवा पाय जास्त काम करायला लागला तर आकडा उगाच कमी दिसतो.