चंद्राच्या फोटोला पासंग सापडला

मागच्या नोंदीत म्हटलं होतं, चंद्राच्या फोटोंच्या माझ्या साइटचं मुखपान डावीकडे कलल्यासारखं दिसतंय. तीन आठवडे त्याच्याच मागे होते. आता पान तोललंय, आणि कशामुळे तोललं तेही कळलंय.

मांडणी साधी आहे: डावीकडे जवळजवळ काळाभोर मोठा फोटो, उजवीकडे पांढऱ्यावर नाव आणि चार ओळी. आधी रुंदीवर संशय घेतला. ग्रिडमध्ये, म्हणजे रकान्यांच्या आखणीत, ६०-४० होतं, ते ५०-५० केलं, तर पान आणखीनच कललं. रकाने सारखे झाले की नजर त्यांची तुलना करू लागते, आणि त्या काळ्या ठोकळ्यापुढे चार ओळी अगदीच हलक्या ठरतात. मग शीर्षक ४० पिक्सेलवरून ७२ वर नेलं. उजवीकडे वजन आलं खरं, पण चंद्र मागे पडला. साइट चंद्रासाठी आहे, तेव्हा हेही रद्द. परत ६०-४०.

मार्ग सापडला तो तराजूच्या दांडीचा विचार करताना. मध्याजवळचं जड वजन टोकाच्या लहान वजनाने तोलता येतं. ‘अल्बम पहा’ हे बटण मजकुराला चिकटून होतं. ते उजवीकडे खालच्या कोपऱ्याजवळ नेलं, भोवती ऐसपैस मोकळी जागा ठेवली आणि राखाडीचं नारिंगी केलं. फोटोच्या तुलनेत ते चिमुकलं आहे. तरी पान सरळ झालं! हाच तो पासंग, तराजू तोलणारं छोटं वजन. आकार, गडदपणा, रंगाचा तजेला, मध्यापासूनचं अंतर आणि एकटेपण, या सगळ्यांनी मिळून वजन ठरतं. डच चित्रकार मोंड्रियानचं १९३० मधलं लाल-निळ्या-पिवळ्याचं चित्र आठवून बघा: वर उजवीकडे भलामोठा लाल चौकोन, आणि त्याला तोलायला खाली डावीकडे छोटा निळा. दोन्ही बाजू सारख्या नाहीत, तरी चित्र ढळत नाही.

नारिंगीवर पांढरी अक्षरं मात्र टिकली नाहीत. सुगम्यतेच्या, म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या, निकषानुसार नेहमीच्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक) लागतो, तो भरत नव्हता. अक्षरं गडद केली.

पारखायची पद्धत: डोळे बारीक करून बघणं चांगलंच, पण मी सीएसएसमधला (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेतला) ब्लर, म्हणजे धूसर करणारा, फिल्टर पूर्ण पानाला १० पिक्सेल लावते. शब्द विरघळतात, नुसते डाग उरतात. आधी रंगीत बघायचं, मग करडं करून. करड्यात माझं बटण बरंच फिकं पडतं, म्हणजे तोलाचा मोठा वाटा रंगाचा आहे. ज्यांना रंग वेगळे दिसतात त्यांच्यासाठी पान अजून थोडं कललेलंच असणार. हे मला मनापासून खुपतंय.

व्हिडिओच्या प्ले चिन्हावर एक अख्खी संध्याकाळ गेली. वर्तुळात २४ पिक्सेल रुंदीचा त्रिकोण मापाने बरोबर मध्यावर होता, आणि डावीकडे सरकलेला दिसत होता. कारण त्रिकोणाचा गुरुत्वमध्य त्याच्या उभ्या बाजूपासून एक-तृतीयांशावर असतो, चौकटीचा मध्य अर्ध्यावर. फरक रुंदीच्या एक-षष्ठांश, म्हणजे ४ पिक्सेल. तेवढा उजवीकडे सरकवला. माझ्या डोळ्यांना ३ जास्त पटले, तेच ठेवले. गोल चिन्हांचंही असंच. चौकोनाच्या रुंदीइतक्याच व्यासाचं वर्तुळ क्षेत्रफळात जेमतेम ७८.५ टक्के भरतं, म्हणून ते लहान वाटतं. चौकोन १८ तर गोल २० ठेवला की जोडी जमते.

देवनागरीबद्दल थोडं, कारण याबद्दल फार कमी बोललं जातं. आपली अक्षरं शिरोरेघेला लोंबतात, त्यामुळे शब्दाचं वजन वरच्या कडेला गोळा होतं. शिवाय फाँट वर मात्रेसाठी आणि खाली उकारासाठी जागा राखून ठेवतो. ‘पहा’मध्ये दोन्ही नाहीत, ‘पुढे’मध्ये दोन्ही आहेत, एकाच मापाच्या दोन बटणांत हे शब्द वेगवेगळ्या उंचीवर बसल्यासारखे दिसतात. माझ्या फाँटात ‘पहा’ किंचित खाली वाटत होता, खालचं पॅडिंग (शब्द आणि बटणाची कड यांतली मोकळी जागा) २ पिक्सेल वाढवल्यावर सावरला. ‘पुढे’ला तेच पॅडिंग ठेवलंय, कारण प्रत्येक शब्दाला वेगळं माप दिलं तर बटणांची रांगच मोडते. तुमच्या फाँटात आकडा वेगळा येईल.

मोबाइलवर अजून अडलंय. एकच रकाना उरला की डावं-उजवं संपतं, फोटो वर जातो आणि बटण दोन पडदे खाली. तिथे पासंग दिसतच नाही. फोटोची उंची पडद्याच्या ६० टक्क्यांवर आणून नाव आणि बटण त्याच पडद्यात बसतात का, ते या आठवड्यात बघणार आहे.